कॉलेजचे मार्चिंग बँड : अ‍ॅथलेटिक्सला परवडतात का?

नळस्टॉप_नॅपरविल

मंडळी, शनिवारी आमच्याकडे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची गेम बघायला तीन-चार घरं जमली होती. हाफटाइमला नेहमीप्रमाणे टीव्हीवर सूटबूटवाले एक्सपर्ट बडबडायला लागले आणि आमचा एक मित्र, जो पेशाने सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखा) आहे आणि बोलतोही तसाच, म्हणाला की हे अडीचशे-तीनशे पोरांचे बँड कॉलेजं पोसतात तरी कशाला, टीव्हीवर तर धड पाच सेकंद दाखवत नाहीत. मग जे पेटलं ते जेवणं उरकेपर्यंत चाललं.

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाहीये. युनिफॉर्म, वाद्यं, वाद्यांचा ट्रक, बस, हॉटेल, डायरेक्टर, असिस्टंट, ड्रायक्लीनिंग. आणि तिकीट विकलं जातं ते फुटबॉलच्या नावावर. त्यात आता खेळाडूंनाच थेट पैसे द्यायचेत. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या हाउस खटल्याची सेटलमेंट मंजूर झाली, तेव्हापासून मोठी युनिव्हर्सिटी पहिल्या वर्षात साधारण २०.५ मिलियन डॉलरपर्यंत खेळाडूंमध्ये वाटू शकते. हा पैसा कुठून तरी काढावाच लागणार, मग पहिली कात्री बँडला का नको, असा त्याचा सवाल.

आधीच सांगून टाकते, माझी लेक बँडमध्ये मेलोफोन (एक पितळी वाद्य) वाजवते, त्यामुळे मी काही तटस्थ वगैरे नाही. पण माया बाजूला ठेवून कुणी पैशाचं गणित सांगेल का? अ‍ॅथलेटिक्सच्या, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या, बाजूने बघितलं तर बँड खरंच परवडतो का?

हिशेबनीस

सीपीए मित्राला माझा नमस्कार कळवा, माणूस कामाचा आहे.

कॉलेज फुटबॉलचा खरा पैसा टीव्हीचा. बिग टेन, एसईसी या कॉलेजांच्या मोठ्या लीगचे करार बघा. टीव्हीवाले हाफटाइमला बँड दाखवत नाहीत, जाहिराती आणि स्टुडिओ दाखवतात, म्हणजे जो पैसे देतो त्याला बँड नकोय. हाकानाका.

आणि बहुतेक कॉलेजांचे अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंट तसेही तोट्यातच असतात, स्वतःच्या कमाईवर स्वतःचा खर्च भागवणारे मोजकेच. बाकीच्यांचा खड्डा युनिव्हर्सिटी भरते किंवा सरळ स्टुडंट फीमधून वसूल होतो. म्हणजे जे पोर आयुष्यात एक गेम बघत नाही तेही भरतंय. अशात तीनशे लोकांना विमानाने दुसऱ्या राज्यात न्यायचं?

मेझ_आणि_निळा

विमानाचा विषय निघालाच आहे तर २०१२ ची गोष्ट सांगतो, तेव्हा मी अ‍ॅन आर्बरलाच, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावात होतो.

मिशिगनची सीझनची पहिली मॅच अलाबामाशी, टेक्सासमध्ये काउबॉइज स्टेडियमवर. त्या एका मॅचचे मिशिगनला ४.७ मिलियन डॉलर मिळणार होते. आणि एप्रिलमध्ये बातमी आली की बँड जाणार नाही, कारण सगळ्यांना न्यायचा खर्च साधारण चार लाख डॉलर आणि अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंट म्हणालं आमच्या बजेटमध्ये बसत नाही. अहो काय गदारोळ झाला! माजी विद्यार्थी, सीझन तिकीटवाले, म्हातारे देणगीदार, सगळे तुटून पडले. शेवटी देणग्या आल्या, डिपार्टमेंटनेही हात सैल केला आणि बँड गेला. (मॅच ४१-१४ ने हरलो ते सोडा.)

आता यातून दोन्ही बाजूंना हवं ते काढता येईल. हिशेबनीस म्हणतील की बघा, खर्च खरंच मोठा आहे, एका ट्रिपला चार लाख. मी म्हणेन, ४.७ मिलियन घेताना कुणाला विचारलं नाही आणि चार लाखाला खिसा आखडला. आणि मुख्य म्हणजे देणगीदार कशासाठी चिडले? डिफेन्सिव्ह लाइनसाठी नाही, बँडसाठी. जे लोक स्टेडियमच्या भिंतीवर नाव लावायला पैसे देतात तेच हे लोक.

हिशेबनीस

@मेझ_आणि_निळा, पॉइंट आहे पण तुम्ही मिशिगन घेताय. मिशिगनला काहीही परवडतं. कनेक्टिकट घ्या.

जानेवारी २०११ चा फिएस्टा बोल, म्हणजे सीझन संपल्यावरची मानाची मॅच. युकॉनला (कनेक्टिकट युनिव्हर्सिटीला) करारानुसार १७,५०० तिकिटं स्वतः विकायची होती, नाही विकली तर स्वतः भरा. विकली गेली त्याच्या एक तृतीयांशसुद्धा नाहीत. वर टीम, बँड, चीअरलीडर, अधिकारी, त्यांच्या बायका, सगळं बिऱ्हाड अ‍ॅरिझोनाला. शेवटी दीड मिलियनच्या वर घाटा. 'आम्ही मोठ्या बोलला गेलो' म्हणून मिरवायचं आणि परत येऊन खड्डा मोजायचा.

टेक्सासची_ताई

अहो हिशेबनीस, त्या घाट्यात न विकलेल्या तिकिटांचा वाटा किती आणि ट्रॉम्बोनवाल्या पोरांचा किती? तिकिटांचाच मोठा होता. तुम्ही बिल बरोबर वाचताय पण ते फाडताय भलत्याच्या नावाने.

आमच्याकडचं ऐका. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर या कोचला काढलं आणि कराराप्रमाणे त्याला साधारण ७५ मिलियन डॉलर द्यायचे ठरले, काम न करण्याचे. पंच्याहत्तर! त्याच कॉलेजचा अ‍ॅगी बँड, लष्करी शिस्तीत सरळ रेषेत चालणारा, बघायला लोक तीन-तीन पिढ्या येतायत. त्या एका चेकमध्ये बँडची किती वर्षं निघाली असती ते तुमच्या सीपीएला काढायला सांगा.

पिंपळपार

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही. मी पुण्यातच असतो, ढोलपथकात बरीच वर्षं काढली. एक बाळबोध प्रश्न, या मुलांना पैसे मिळतात का? आमच्याकडे मंडळ पथकाला मानधन देतं, ते ढोलाची पानं, ताशे, टेम्पो, नाश्ता यात जातं, वाजवणारा स्वतःच्या खिशातून सदरा शिवतो. तिकडे पण असंच काही का?

नळस्टॉप_नॅपरविल

@पिंपळपार, बाळबोध नाही, हाच खरा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही. काही कॉलेजं थोडी स्कॉलरशिप किंवा सीझनचा छोटासा स्टायपेंड देतात, वाद्य आणि युनिफॉर्म बँडचा असतो, पण हातमोजे, पायातले पांढरे-काळे मार्चिंग शूज, जाड मोजे हे सगळं आपलं आपण. आणि बँड हा चक्क कोर्स असतो, एक-दोन क्रेडिटचा. म्हणजे हिशेब लावला तर मुलं त्या क्रेडिटची फी भरून वाजवतात.

मेहनत विचारू नका. ऑगस्टमध्ये बाकीची मुलं घरी लोळत असतात तेव्हा यांचा बँड कॅम्प, पार्किंग लॉटच्या तापलेल्या डांबरावर सकाळपासून संध्याकाळ. प्रत्येकाला फोनवर आपापले आकडे येतात, म्हणजे अमुक काउंटला तू ४५ यार्ड लाइनच्या आत दोन पावलं आणि हॅशच्या (मैदानावरच्या आडव्या खुणांच्या रेषेच्या) पुढे सहा पावलं, पुढच्या सोळा काउंटमध्ये तिकडे. पाच यार्डात बरोबर आठ पावलं पडली पाहिजेत, म्हणजे साडेबावीस इंचांचं एक, आणि खाली बघायचं नाही. लेकीने ते पाऊल अंगात भिनवायला आमच्या ड्राइव्हवेवर खडूने रेघा मारल्या होत्या, त्या पाऊस पडेपर्यंत शेजारी विचारत होते हे काय नवीन. नोव्हेंबरमध्ये वाद्याचे व्हॉल्व्ह गारठून अडकतात म्हणून ती मुलं कोटाच्या आत वाद्य कवटाळून बसतात, लहान बाळासारखं.

हिशेबनीस

कौतुक आहेच हो, मी मुलांच्या विरोधात नाहीये. पण मेहनत आहे म्हणून परवडतं असं होत नाही. रोइंगची पोरंही पहाटे चारला उठतात.

अटलांटाचा_आबा

तुम्ही सगळे बिग टेनमध्ये अडकलाय. एचबीसीयू, म्हणजे ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांकडे या, तिथे तुमचं गणित उलटं चालतं.

माझा ऑफिसातला मित्र जॅक्सन स्टेटचा, त्याच्याबरोबर गेलो होतो. तिथे लोक पहिल्या हाफमध्ये उठून खायला जातात, हाफटाइमला नाही. हाफटाइमला कुणी बाथरूमलासुद्धा जात नाही! त्यांचा बँड सोनिक बूम मैदानात आला की लहान पोरांपासून आज्यांपर्यंत सगळे उभे. सदर्न युनिव्हर्सिटीचा ह्यूमन ज्यूकबॉक्स, ग्रॅम्बलिंगचा बँड (१९६७ च्या पहिल्या सुपर बोलच्या हाफटाइमला हेच होते, अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीच्या बँडसोबत). टेनेसी स्टेटच्या बँडने तर २०२३ मध्ये ग्रॅमी आणलं, गॉस्पेल अल्बमसाठी. यांच्या फुटबॉल टीमचे निकाल किती जणांना पाठ आहेत? बँड मात्र सगळ्यांना माहीत.

आणि ज्यांना प्रयोग हवा त्यांच्यासाठी, तो होऊन गेलाय, फार वाईट कारणाने. फ्लोरिडा ए अँड एमचा मार्चिंग १००, ज्याला १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसच्या परेडसाठी बोलावलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये मॅच झाल्यावर बसमध्ये हेझिंग (रॅगिंग) झालं, मारहाणीत त्यांचा एक ड्रम मेजर, म्हणजे बँडचं नेतृत्व करणारा, गेला. बँड निलंबित झाला तो २०१३ पर्यंत, मधला २०१२ चा अख्खा सीझन बँडशिवाय. गर्दी डोळ्यांना दिसेल इतकी घटली, ओरलँडोच्या फ्लोरिडा क्लासिकलासुद्धा.

हिशेबनीस

@आबा, हा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा. पण त्याच काळात युनिव्हर्सिटीची अब्रू चव्हाट्यावर आली होती, अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला, कोर्टकचेऱ्या चालू होत्या. अशा वेळी गर्दी घटणारच, सगळं बँडच्या खात्यावर कसं टाकणार?

आणि हा माणूस गेला तो बँडमध्येच. वीस वर्षांच्या दोन-तीनशे पोरांना कुणी फारसं बघत नसताना एकत्र ठेवायचं, तर देखरेख, ट्रेनिंग, विमा, वकील हाही खर्चच. तो कुणाच्या बजेटमध्ये दिसत नाही आणि असं काही झालं की एकदम दिसतो.

अटलांटाचा_आबा

मान्य. शंभर टक्के बँडमुळे असं मीही म्हणत नाही. पण माझा मित्र म्हणाला ते सांगतो, त्याच्या ओळखीचे फ्लोरिडाचे लोक त्या वर्षी गेलेच नाहीत, कारण जायचं कशाला, बघायला काय आहे?

देखरेखीबद्दल तुमच्याशी सहमत, तिथे पैसे वाचवले तर ते पैसे नाहीत, पाप आहे.

इतिहासाची_वही

एक अवांतर, पण फार अवांतर नाही. सगळे गृहीत धरून चाललेत की फुटबॉल यजमान आणि बँड आश्रित. काळ उलटा आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने ज्या सरकारी कॉलेजांना जमिनी मिळाल्या तिथे लष्करी कवायत शिकवणं सक्तीचं होतं, कवायत आली की पाठोपाठ बँड आला. ओहायो स्टेटचा बँड १८७८ चा आणि फुटबॉल टीम १८९० ची. पर्ड्यूतही बँड १८८६ आणि फुटबॉल १८८७. म्हणजे पाहुणा कोण ते बघा.

पर्ड्यूचं आणखी एक, तिथे संगीताचं स्वतंत्र स्कूलच नाही. इंजिनिअर, शेतकी, फार्मसीवाली पोरं वाजवतात. नील आर्मस्ट्राँग त्यातलेच, बॅरिटोन वाजवायचे.

कोलंबसकर

ओहायो स्टेटचं नाव निघालं आणि मी गप्प बसू?

२२८ जणांचा बँड, फक्त ब्रास आणि पर्कशन, बासरी-क्लॅरिनेट नाही. मॅचच्या आधी सेंट जॉन अरेनात स्कल सेशन होतं, त्यालाच हजारो लोक येतात, फुटबॉल टीम स्वतः तिथे हजेरी लावून मग मैदानावर जाते. १९३६ पासून 'स्क्रिप्ट ओहायो', बँड चालत चालत जोडून लिहिलेल्या वळणदार अक्षरात ओहायो लिहितो आणि शेवटी एक सूझाफोनवाला (अंगाभोवती गुंडाळायचं मोठं पितळी वाद्य) रुबाबात जाऊन आय वर टिंब देतो. लाखभर माणूस त्या टिंबासाठी ओरडतो राव. १९७३ पर्यंत मुलींना प्रवेश नव्हता हेही सांगून टाकतो, नुसतीच टिमकी नको.

आता पैशाचं. हिशेबनीस म्हणाले टीव्हीला बँड नकोय. मला पटत नाही. टीव्हीला बँडचा चेहरा नको असेल पण आवाज हवाच असतो. टचडाउन (गोलसारखंच) झाल्यावर मागे फाइट साँग, म्हणजे कॉलेजचं गाणं, वाजतं ते म्यूट करून बघा एकदा. एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे, खेळाडू जास्त चांगले, मैदानं जास्त चकचकीत, तरी लोक शनिवारी कॉलेजचा गेम लावतात, का? कारण तो गेम आपल्या गावाचा वाटतो. ते वाटणं कुणीतरी तयार करतं. टीव्हीवाले मैदानावर माइक लावून तेच फुकट उचलतात आणि मग अ‍ॅथलेटिक्सला पैसे देतात, बँडला नाही.

हिशेबनीस

हे 'वाटणं' बॅलन्सशीटवर कुठल्या ओळीत टाकू? :)

आणि आजकाल किती स्टेडियममध्ये बँड ऐकू येतो? स्पीकरवर डीजे बडवतोच आहे. बऱ्याच अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनी निर्णय घेऊन टाकलाय, फक्त तोंडाने बोलत नाहीत.

मेझ_आणि_निळा

डीजेवर माझाही राग आहे. टाइमआउटला बँड वाद्य ओठाला लावतो तोवर वरून ठोकळेबाज बास सुरू. अडीचशे जिवंत माणसं समोर बसलीयत आणि तुम्ही ब्लूटूथ स्पीकर लावताय.

बोस्टनबाई

या सगळ्यात बास्केटबॉलची एक मजा राहिली. एनसीएए (कॉलेज खेळांची मुख्य संघटना) टूर्नामेंटला टीमबरोबर बँड येतो पण २९ जणच, तसा नियम. मार्च २०२४ मध्ये येलची टीम स्पोकेनला खेळायला गेली, त्यांच्या बँडची मुलं सुट्टीवर, येणं शक्य नव्हतं. मग काय, जवळच्या आयडाहो युनिव्हर्सिटीचा बँड बोलावला. त्या पोरांनी येलचे टीशर्ट घातले, येलचं गाणं शिकून वाजवलं आणि येलने ऑबर्नला हरवलं! ७८-७६.

मला वाटतं धाग्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. बँड नसला तर चाललं असतं ना? मग भाड्याने का होईना, आणला कशाला?

पिंपळपार

हे येलचं भारी आहे. आमच्याकडे अशा पथकाला 'सुपारीवर आलेले' म्हणून नाकं मुरडतात, पण वाजवलं चांगलं तर शेवटी सगळे नाचतातच.

बर्कलेची_बेबी

बँडमुळे नुकसान झाल्याचं उदाहरण कुणीच दिलं नाही, मी देते. २० नोव्हेंबर १९८२, कॅल (म्हणजे आमचं बर्कले) विरुद्ध स्टॅनफर्ड. शेवटचे चार सेकंद, स्टॅनफर्डच्या बँडला वाटलं आपण जिंकलो, आख्खी वरात मैदानात. तिकडे कॅलची पोरं बॉल एकमेकांकडे फेकत त्या गर्दीतून धावत सुटली, शेवटच्याने टचडाउन करून समोर आलेल्या ट्रॉम्बोनवाल्याला आडवा केला. कॅल २५-२०.

हिशेबनीस, हा तोटा कुठल्या रकान्यात? दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

हिशेबनीस

घेतले, चांगले दोन डझन. :)

टेक्सासची_ताई

एक गंभीर मुद्दा राहतोय, तो छोट्या खाजगी कॉलेजांचा. तिथे मुलं मिळेनाशी झालीयत, म्हणून कित्येक जण उलट नवीन मार्चिंग बँड सुरू करतायत. कारण सरळ आहे. हायस्कूलमध्ये चार वर्षं बँड केलेली हजारो पोरं असतात, त्यातली शंभर तुमच्याकडे आली तर शंभर ट्यूशन फी आल्या. अ‍ॅथलेटिक्सच्या वहीत तो खर्च दिसेल पण कॉलेजच्या वहीत जमा. त्यामुळे 'अ‍ॅथलेटिक्सला परवडतो का' हा प्रश्नच कुणाच्या वहीत बघताय त्यावर आहे.

अलाबामाच्या टॅलाडेगा कॉलेजचं आठवतं का, छोटंसं कॉलेज, २०१७ च्या ट्रम्पच्या शपथविधीच्या परेडला बँड न्यायचा म्हणून ७५ हजार मागितले, वाद झाला, जाऊ नका म्हणणारेही खूप होते, पण जमले सहा लाखांच्या वर. त्या कॉलेजचं नाव त्याआधी किती जणांनी ऐकलं होतं?

हिशेबनीस

ताई, वहीचा मुद्दा मान्य. मग माझी सूचना ऐका. बँड अ‍ॅथलेटिक्सच्या वहीतून काढाच. म्युझिक डिपार्टमेंटकडे द्या, पगार, वाद्यं, कोर्स सगळं तिकडे. आणि अ‍ॅथलेटिक्सला गेमसाठी बँड हवा असेल तर त्यांनी रीतसर बिल भरावं, जसं सिक्युरिटीचं भरतात, जनरेटरचं भरतात. मग कळेल त्यांना खरंच हवाय की नाही.

कोलंबसकर

आणि त्यांनी म्हटलं डीजे स्वस्त पडतो, तर?

हिशेबनीस

तर मग बँडने शनिवारी आपली कॉन्सर्ट करावी आणि बघावं कोणाकडे गर्दी होते. तुमच्या त्या स्कल सेशनसारखी.

नळस्टॉप_नॅपरविल

सगळ्यांचे आभार, सीपीएला लिंक पाठवलीय, तो रोमात (नुसता वाचत) असेल तर उगव बाबा.

मी मधल्या वेळात थोडं शोधलं. डिव्हिजन वनची, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातली, कॉलेजं दरवर्षी एनसीएएला अ‍ॅथलेटिक्सचा जो हिशेब देतात त्यात 'स्पिरिट ग्रुप्स' म्हणून एक वेगळा रकाना असतो, बँड, चीअरलीडर, मॅस्कॉट, डान्स टीम सगळं त्यात. आणि काढून टाकलेल्या कोचना दिलेले पैसे हा दुसरा रकाना. सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर माहितीच्या अधिकाराखाली हा रिपोर्ट मागता येतो, खाजगीवाले देत नाहीत. अर्थात बँडचा जो भाग म्युझिक डिपार्टमेंट उचलतं तो यात येणार नाही, ते हिशेबनीस सांगतीलच.

लेकीच्या कॉलेजचा रिपोर्ट मागवणारा अर्ज काल टाकलाय. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून इथेच टाकते. तुम्हीही आपापल्या कॉलेजचे मागवा ना, कोलंबसकर, ताई, मेझ?

टेक्सासची_ताई

टाकते. पण आमच्याकडचा दुसरा रकाना स्क्रीनवर मावेल का, शंका आहे.

हिशेबनीस

मी रटगर्स युनिव्हर्सिटीचा मागवतो. बँडचा आकडा मोठा निघाला तर बोलायचं नाही हं कुणी.